मांडवीच्या ग्रंथालयात एक जुनं प्लेस्टेशन हवं

बडोद्याच्या मांडवी भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने एक प्लेस्टेशन टू, म्हणजे टीव्हीला जोडून डिस्कवरचे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), मिळवावं, ते चालू स्थितीत ठेवावं, सोबत शे-दीडशे डिस्क जमवाव्यात आणि येईल त्याला तिथे बसून खेळू द्यावं, असं माझं मत आहे. दांडिया बाजारात चार वडीलधाऱ्यांसमोर हे बोललं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "पोरं आधीच मोबाइलमध्ये मुंडी घालून बसलेली असतात, त्यात आता ग्रंथालयातही खेळ?" दुसरी प्रतिक्रिया पस्तिशी-चाळिशीतल्यांची. ती हळवी असते. "अरे, क्रिकेट झिरो सेवन! काय दिवस होते ते!" मला दोन्ही पटत नाहीत. एकात तिटकारा आहे, दुसरीत आठवणींचा उमाळा, आणि समोरच्या वस्तूकडे बघायला दोघांनाही फुरसत नाही.

आधी वस्तूबद्दल. प्लेस्टेशन टू जपानात ४ मार्च २००० रोजी विक्रीला आलं आणि त्याचं उत्पादन थांबल्याचं जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालं. जगभरात पंधरा कोटींहून जास्त नग खपले. आपल्याकडे ते उशिरा रुजलं आणि उशिरापर्यंत टिकलं. जगात पुढचं यंत्र, प्लेस्टेशन थ्री, जुनं व्हायला लागलं होतं तेव्हा भारतात प्लेस्टेशन टूसाठी नवे खेळ निघत होते. घराघरांत जे पोहोचलं ते बहुतेक 'चिप मारलेलं'. म्हणजे आत एक छोटी चिप सोल्डर करून घ्यायची, मग नकली डिस्कही चालते. अस्सल डिस्क कुणी फारशी पाहिलीच नाही. गल्लीतल्या पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून खेळणाऱ्यांना तर आपण कुठल्या डिस्कवर खेळतोय याची फिकीर असण्याचं कारणच नव्हतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता प्रश्न असा की या बंद पडलेल्या यंत्रावर आज खेळण्याजोगं काय उरलं आहे? भरपूर. २००५ सालचा 'शॅडो ऑफ द कोलॉसस' घ्या. एक तरुण, त्याचा घोडा, ओसाड मुलूख आणि सोळा भीमकाय प्राणी. मध्ये किरकोळ शत्रू नाहीत, गोळा करायची नाणी नाहीत, कुणी सूचना देत मागे फिरत नाही. लांबलचक माळरानावरून घोडा हाकत जायचं, अंगावर केस आणि दगड असलेला एक डोंगराएवढा जीव शोधायचा, खांद्याचं बटण दाबून त्याच्या केसांना लटकायचं आणि दम संपायच्या आत वर चढायचं. तो जीव कोसळतो तेव्हा वाजणारं संगीत विजयाचं नसतं. आपण काहीतरी वाईट केलं, ही भावना हा खेळ हळूहळू अंगात भिनवतो, आणि तेही एक वाक्य न बोलता. हे कादंबरीला जमतं, सिनेमालाही जमतं. पण बोट बटणावर असलेला माणूस स्वतः जबाबदार असतो, तो वाचक किंवा प्रेक्षक नसतो, म्हणून इथे ते वेगळं लागतं.

किंवा २००४ सालचा 'कातामारी दामासी'. याची गोष्ट सांगायला गेलं की ऐकणारा आपल्याकडे संशयाने बघतो. विश्वाच्या राजाने एका रात्री धुंदीत आकाशातले सगळे तारे मोडून टाकले. आता त्याच्या एवढ्याशा राजपुत्राने एक चिकट गोळा जमिनीवरून ढकलत न्यायचा. त्याला आधी टाचण्या चिकटतात, मग पेन्सिली, मग मांजरं, मग माणसं, झाडं, शेवटी इमारती. गोळा पुरेसा मोठा झाला की त्याचा तारा. नियंत्रण म्हणाल तर दोन अंगठ्यांखाली दोन काड्या, बस्स. हा खेळ रचणारे केइता ताकाहाशी मूळचे शिल्पकलेचे विद्यार्थी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात हा होता. माझ्या भाचीने पहिल्यांदा खेळून झाल्यावर विचारलं, "काका, यात जाहिरात कधी येते?" येत नाही, असं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

तिसरा 'ओकामी', २००६. सूर्यदेवता लांडग्याच्या रूपात फिरते आणि एका बटणाने सगळं दृश्य थांबून कागद होतं. त्यावर आपण कुंचल्याने रेघ ओढायची. आकाशात वर्तुळ काढलं की सूर्य उगवतो, सुकलेल्या झाडाभोवती काढलं की मोहोर येतो. तो बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ पुढच्याच वर्षी बंद झाला. खेळ कौतुकाइतका विकला गेला नव्हता. आमच्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात चिनी-जपानी शाईचित्रांवर तास होतात. तिथल्या विद्यार्थ्याने हा खेळ एकदा तरी हातात घ्यायला हवा असं मला फार वाटतं. आणि याच विभागाच्या जत्रेसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा चित्रकार खेळणी बनवत असे. म्हणजे खेळणं ही गंभीर वस्तू असू शकते, हे बडोद्याला आता नव्याने शिकवायची गरज नाही.

मात्र इथवरचं सगळं ग्रंथालयाच्या बाजूने पुरावा म्हणून पुरत नाही. कुणीही म्हणेल, की हे तर पुन्हा निघालेत. खरं आहे. 'शॅडो ऑफ द कोलॉसस' २०१८ मध्ये नव्याने घडवून प्लेस्टेशन फोरवर आला. 'ओकामी' नव्या यंत्रांवर विकत मिळतो. 'कातामारी'चंही तेच. चांगल्या आणि नावाजलेल्या खेळांची काळजी बाजार घेतो, कारण त्यात पैसा आहे. माझा मुद्दा बाजार जिथे फिरकणार नाही तिथे सुरू होतो. खेळण्याजोगं असणं आणि जपण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली म्हणून आपण 'टॉप टेन' याद्या करत बसतो, आणि यादीबाहेरचं सगळं भंगारात जातं.

यादीबाहेर काय आहे ते बघा. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. पूर्णपणे भारतात बनलेला पहिला प्लेस्टेशन गेम अशी त्याची जाहिरात झाली. देवाला बटणांनी नाचवायचं का, म्हणून अमेरिकेतल्या काही हिंदू मंडळींनी त्यावर हरकतही घेतली. त्याच वर्षी गेमशास्त्रचा 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया' आला. त्यात विटीदांडू, कबड्डी, कुस्ती, पतंग. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आणि पुढच्या वर्षी शाहरुखच्या सिनेमावरून 'रा.वन' आणला. 'डॉन टू'चा गेम तर २०१३ मध्ये, म्हणजे यंत्राचं उत्पादन संपत असताना आला. त्याआधी २००७ मध्ये 'सिंगस्टार बॉलिवूड' होता. टीव्हीसमोर माइक धरून हिंदी गाणी म्हणायची आणि सूर किती लागला त्याचे गुण मिळवायचे.

यातले बरेचसे खेळ सामान्य आहेत. 'हनुमान' मी कुणाला मजेसाठी खेळायला सांगणार नाही. एकदा बघावा आणि ठेवून द्यावा. 'देसी अड्डा'तला पतंग उत्तरायणाला गेंडीगेटवरून मांजा आणलेल्या कुठल्याही बडोदेकराला पोरकट वाटेल. पण भारतात कन्सोलवर खेळ बनवायला बसलेल्या पहिल्या पिढीने काय बनवलं, तिला आपलं काय दाखवावंसं वाटलं, कुठे हात अपुरा पडला, हे सगळं या डिस्कांमध्येच आहे. हे खेळ नव्या यंत्रावर कोण आणणार? कुणीही नाही. 'सिंगस्टार बॉलिवूड' आणायचा ठरवला तरी प्रत्येक गाण्याचा परवाना पुन्हा घ्यावा लागेल. तेवढ्यावरच हिशेब संपतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच मार्गाने विकत मिळत नाहीत. प्लेस्टेशन टूचे मिळतात ते १२ टक्क्यांच्या घरात. ही अवस्था अमेरिकेतली. आपल्याकडच्या खेळांची मोजदाद कुणी करायला घेतल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी एक गोष्ट बडोद्यातल्या माणसाच्या लवकर लक्षात यावी. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९५१ मध्ये सुरू झालं आणि १९७५ मध्ये संपलं. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ समोरासमोर मांडून, कुठला श्लोक कुठल्या परंपरेत आहे आणि कुठल्यात नाही, याची नोंद करत पंडित मंडळी पाव शतक बसली. ज्या गावाने हे केलं त्या गावाला पाठभेद म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आता 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' बघा. २००४ च्या डिस्कवर गाडीतल्या रेडिओत जी गाणी होती त्यातली बरीच, परवान्यांची मुदत संपल्यावर, २०१४ मध्ये संगणकावरच्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. ज्यांनी खेळ आधीच विकत घेतला होता त्यांच्यापैकीही अनेकांना अपडेटबरोबर कापलेली आवृत्ती मिळाली. २०२१ मध्ये नवी सजवलेली आवृत्ती आली, तिचे चेहरे वेगळे, पाऊस वेगळा, चुका नव्या. आणि तेव्हा जुन्या आवृत्त्या काही काळ दुकानातून काढून घेतल्या गेल्या. मग मूळ संहिता कुठली? ती प्लेस्टेशन टूच्या डिस्कवर आहे. त्या डिस्कला दुरून कुणी हात लावू शकत नाही. छापलेल्या पानासारखीच ती एकदा निघाली की निघाली.

डाउनलोडच्या काळात हे सुख उरलेलं नाही. युबिसॉफ्टने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तर पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्याने खेळायलासुद्धा उरला नाही. युरोपात त्यावरून नागरिकांनी सह्यांची मोहीम चालवली, दहा लाखांवर सह्या जमल्या. प्लेस्टेशन टूची डिस्क या सगळ्याच्या आधीची आहे. तिच्यात खेळ पुरा आहे. विकत घेतल्यावर पुन्हा पैसे मागत नाही, इंटरनेट मागत नाही, आणि त्याला शेवट आहे. शेवट असलेला खेळ मोबाइलवरच्या पिढीने पाहिलेला नाही, ही मला खेळांच्या व्यसनाइतकीच काळजीची गोष्ट वाटते.

व्यसनाचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. गुजरातेत सरकारदरबारी व्हिडिओ गेमचा उल्लेख होतो तो बहुधा बंदीच्या संदर्भात. राजकोटमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये पब्जी खेळताना सापडलेल्या मुलांना पोलिसांनी अटक केली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो करायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलांपुढे आपण फक्त दोन दारं ठेवली आहेत: जुगाराच्या चालीने बांधलेला मोबाइल गेम किंवा काहीच नाही. वाईट कादंबऱ्या वाचू नका असं सांगणारं ग्रंथालय चांगल्या कादंबऱ्याच ठेवणार नसेल तर त्याच्या सांगण्याला किंमत काय? चांगला खेळ कशाला म्हणायचं हे कळायला चांगला खेळ हाताशी असावा लागतो. कुणीतरी शेजारी बसून, "हा जीव मारावासा वाटला का रे तुला?" असं विचारावंही लागतं. ते काम घरच्या टीव्हीपेक्षा ग्रंथालयात बरं होईल.

आणि खेळ लिहून ठेवण्याची या गावाची परंपरा आहे, हे आपण विसरलो आहोत. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले आणि अखिल भारतीय सामने भरवले. त्याआधी हा खेळ दर कोसावर वेगळा होता, कुठे गडी मेला की कायमचा बाहेर, कुठे पुन्हा उठणार. आज जगभर दूरचित्रवाणीवर दिसणारी कबड्डी घडवण्याच्या वाटेवरचा तो एक मोठा टप्पा. पुढे द. चिं. मुजुमदार यांनी याच गावातून 'व्यायाम ज्ञानकोश' काढायला घेतला. पहिला खंड १९३६ चा, एकूण खंड दहा. मल्लखांबाच्या उड्या, कुस्तीचे डाव, मुलामुलींचे देशी खेळ, सगळं मराठीत आणि चित्रांसह. त्या काळातही कुणीतरी म्हटलंच असेल की हे पोरखेळ लिहून ठेवायला दहा खंड कशाला. आज त्यातले कितीतरी खेळ केवळ त्या पानांवर आहेत.

मध्यवर्ती ग्रंथालयाचा इतिहासही माझ्याच बाजूने आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून हे खातं उभं केलं. पुस्तकांची कपाटं पोलादी, मजल्यांच्या फरशा काचेच्या, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं जात. पण सगळ्यांत कौतुकाची गोष्ट म्हणजे या खात्याची एक दृश्य शिक्षण शाखा होती: ती सिनेमाचं यंत्र, जादूचा कंदील (पडद्यावर चित्रं पाडणारा दिवा) आणि स्टिरिओस्कोप (चित्रं उठावदार दाखवणारं यंत्र) घेऊन खेड्यांत जायची आणि लोकांना फुकट दाखवायची. शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालय म्हणजे फक्त छापील कागद असं बडोदा संस्थानाने मानलं नाही. वाचायला यंत्र लागत असेल तर यंत्रही ग्रंथालयाचं, असा सरळ हिशेब होता. प्लेस्टेशन हे तेच आहे. डिस्क वाचण्याचं यंत्र.

यावर तंत्र जाणणाऱ्यांची एक शंका असते आणि ती रास्त आहे. संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम आहे, पीसीएसएक्सटू नावाचा, फुकट. मग जुनं यंत्र कशाला सांभाळायचं? एम्युलेटर बनवणाऱ्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ जे काम केलं आहे त्याला तोड नाही, आणि दूर भविष्यात सगळी यंत्रं मेल्यावर तेवढंच उरणार आहे. पण आज, जोवर यंत्र जिवंत आहे, तोवर ते पुरेसं नाही. प्लेस्टेशन टूच्या कंट्रोलरची बटणं दाब ओळखतात. 'ग्रॅन टुरिस्मो'त एक्सचं बटण हलकं दाबलं तर गाडी हळू वेग घेते, 'मेटल गिअर सॉलिड थ्री'त रोखलेली बंदूक गोळी न झाडता खाली घ्यायची तर बटण हळूच सोडावं लागतं. आजचे बहुतेक कंट्रोलर हे ओळखतच नाहीत. चित्रही जुन्या डब्बा टीव्हीसाठी बेतलेलं. नव्या सपाट टीव्हीवर ते फिसकटतं. एकदा एका मित्राकडे जुना टीव्ही माळ्यावरून काढून जोडला, तर त्याच्या मुलाचं पहिलं वाक्य होतं, "हे तर वेगळंच दिसतंय." शिवाय एम्युलेटरला यंत्राच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कायद्याने मिळवायचं तर यंत्र आपल्या मालकीचं असणं हाच सरळ मार्ग. सार्वजनिक संस्थेला इकडून तिकडून उतरवून घेतलेल्या फायलींवर संग्रह उभा करता येत नाही.

कायद्याचं दुखणं मात्र खरं आहे आणि माझ्या मते मूळ सार्वजनिक प्रश्न तोच आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत जमा करावी लागते. नंतर त्यात वर्तमानपत्रं आली. डिस्क आली नाही. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ गेमही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. जपानच्या संसद ग्रंथालयात २००० पासून. आपल्या 'देसी अड्डा'ची प्रत जपून ठेवण्याची जबाबदारी या देशात कायद्याने कुणावरही नाही. दुसरं, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा मिळाली. मात्र अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असावी. पुस्तकाला हे लागू पडतं. जन्मतःच डिजिटल असलेल्या डिस्कचं काय? ती झिजत चालली तरी तिची प्रत या कलमाखाली काढता येईल की नाही, यावर वकील वाद घालत बसतील आणि तोवर डिस्क संपेल. याच दुरुस्तीने एक चांगली गोष्टही केली: नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर घेतलेला संगणकीय प्रोग्राम वाचकाला दिला तर ते व्यापारी भाडं धरलं जात नाही. म्हणजे खेळायला देण्याची सोय आहे, जपायची वाट धूसर आहे. अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथे ग्रंथालयाच्या आवारात जतन करता येतं, पण अभ्यासकाला घरबसल्या जुना खेळ उघडून देण्याची परवानगी कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नाकारली. लोक मजेसाठी खेळतील, ही भीती त्यामागे होती. मजेसाठी कादंबरी वाचणाऱ्याला कुठलं ग्रंथालय हाकलतं?

आता सुरुवातीला म्हटलं ते चिपचं. आपल्याकडे अस्सल डिस्क कमी खपल्या, म्हणून आज त्या दुर्मीळ आहेत. भारतीय खेळांच्या तर फारच. नकली डिस्का हजारोंनी निघाल्या, पण त्या घरी कॉपी करून काढलेल्या स्वस्त डीव्हीडी. त्यांचा थर अस्सल डिस्कच्या मानाने लवकर उडतो. रावपुऱ्यातल्या मरीमातेच्या खांच्यात मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत जुनी यंत्रं उघडून बसणारे कारागीर अजून भेटतात. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं तेव्हा त्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "लेन्स तो बदली आपुं, पण डिस्क क्यांथी लावशो?" (लेन्स तर बदलून देईन, पण डिस्क कुठून आणणार?) नेमकं दुखणं तेच. यंत्र दुरुस्त होतं. लेसरची लेन्स, घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी, कंट्रोलरची वायर, सगळं मिळतं, जुन्या यंत्रांतून काढून लावता येतं. एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत दोन-तीन यंत्रं उभी राहतील. डिस्क मात्र माळ्यांवर आहेत, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी थोड्या भंगारवाल्याकडे जातात.

म्हणून ग्रंथालयाने पैसे खर्च करण्याआधी माणसं जोडावीत. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस एक टेबल मांडावं आणि देणगी म्हणून डिस्क, यंत्रं, मेमरी कार्डं स्वीकारावीत. मेमरी कार्ड जरूर घ्यावं. त्या आठ एमबीत कुणाच्या तरी कॉलेजच्या वर्षांचा अर्धवट खेळ साठवलेला असतो आणि अभ्यासकाला तोही उपयोगी पडेल. नकली डिस्क वेगळ्या ठेवाव्यात, वाचकांना देऊ नयेत. पण फेकूही नयेत, कारण आपल्या शहरात लोक प्रत्यक्षात काय खेळले त्याचा पुरावा तोच आहे. विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या आणि ललित कलेच्या मुलांना नोंदणीच्या कामाला लावावं. प्रत्येक डिस्कची आवृत्ती, वर्ष, भाषा, कव्हरवरची भारतातली किंमत, सगळं टिपावं. किमतीची चिकटपट्टी काढू नये. आपल्याकडे जुनी वस्तू आली की आधी ती घासूनपुसून चकचकीत करण्याची हौस असते, ती इथे आवरावी लागेल.

खरेदीची पहिली यादी मला करायला दिली तर मी 'सिंगस्टार बॉलिवूड' माइकसकट, 'देसी अड्डा', 'हनुमान', 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', 'रा.वन' आणि 'डॉन टू' आधी शोधीन. मग 'सॅन अँड्रियास'ची पहिली आवृत्ती, ती प्रौढांच्या कपाटात. 'कातामारी', 'ओकामी' आणि 'शॅडो ऑफ द कोलॉसस' त्यानंतर. ते सर्वांत उत्तम असले तरी सर्वांत सुरक्षितही आहेत. 'क्रिकेट झिरो सेवन' यादीत नाही, यावर माझे मित्र चिडतात. त्यांचं प्रेम मला कळतं. परवान्याअभावी आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेला तो खेळ लोकांनी संगणकावर स्वतः दुरुस्त केला, अजूनही हौशी पोरं त्यात दरवर्षीचे नवे संघ घालतात. ज्या खेळाची इतकी माणसं काळजी घेतात त्याला सरकारी पैशाची गरज नाही. शिवाय देणगीच्या टेबलावर त्याच्या दहा-वीस प्रती पहिल्याच दिवशी येणार आहेत.